ठराव अंगणात वाचून दाखवा

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक आणि आमच्या भावकीतल्या थोरल्या बायका यांस,

स. न. वि. वि.

विधवा प्रथा बंदीच्या ठरावाबाबतचा माझा अर्ज दीड वर्षापूर्वी पंचायतीच्या आवक रजिस्टरला चढला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. म्हणून या वेळी पत्र उघडंच लिहिते आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ते सगळ्यांच्या नजरेखालून जावं, एवढीच इच्छा.

जून २०२२ मध्ये आपल्या गावानं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याच्या आधीच्या महिन्यात, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं तो केला होता. मग १७ मे रोजी शासनाचं परिपत्रक निघालं की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा. आपण गिरवला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी उतरवायची नाहीत. ठरावाची सूचक मी होते. विरोधात एक हात नव्हता. माळावरच्या तात्यांनी तर दोन्ही हात वर केले, त्यावर हशाही झाला. आठवत असेल.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, ऐन ऊसतोडीत, माझे चुलत दीर गेले. वय ४६. सकाळी ट्रॅक्टर काढायला गेले आणि चाकापाशी बसले ते बसलेच. दुपारी अंगणात मयत ठेवलं होतं, तिरडी बांधून झाली होती, पुरुषमाणसं ‘उशीर होतोय’ म्हणून घड्याळं बघत होती. माझ्या धाकट्या जावेला दोघींनी धरून बाहेर आणलं. थोरल्या काकी पुढं झाल्या, त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला. डावं कोपर कुणी धरलं होतं?

मी.

ठरावाची सूचक, एकतीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. कुणी मला ‘धर’ म्हणालं नव्हतं. हात आपोआप गेला. एरवी बांगडी पिचकली तरी ‘फुटली’ म्हणू नये, ‘वाढवली’ म्हणावं, असं आपण पोरींना शिकवतो. दिवा विझवत नाही, तो वाढवतो. दुकानसुद्धा बंद न करता वाढवतो. मरणाचा वास येईल असा शब्दही जिभेवर नको, एवढी आपली भाषा जपून चालते. त्या दुपारी मात्र काकी सरळ म्हणाल्या, “फोडा.” आणि ठराव मांडणारीनं कोपर घट्ट धरून ठेवलं.

(हे सगळं जावेला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, “लिहा. पण माझी दया येईल असं लिहू नका.”)

दहाव्याच्या आधीच गावातली शिकलेली पोरं बोलायला लागली की गाव दुटप्पी आहे, ग्रामसभेत एक आणि अंगणात एक. मलाही काही दिवस तसंच वाटलं. पण दुटप्पी माणूस आतून हसत असतो, त्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. त्या अंगणात असं कुणीच नव्हतं. तात्यांचे हात थरथरत होते. काकींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी दगड शोधत होत्या. नंतरच्या दोन वर्षांत मी या गोष्टीचा पिच्छा सोडला नाही. वाचलं, चार ठिकाणी विचारलं, काकींपाशी बसले. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढं ठेवते.

पहिल्यांदा न्यायमूर्ती रानड्यांचं सांगते. विधवाविवाहाच्या चळवळीतला पहिल्या फळीतला माणूस. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. मित्रमंडळींची अपेक्षा होती की आता ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करून दाखवतील. वडिलांना नेमकी तीच धास्ती. त्यांनी घाईघाईनं मुलगी ठरवली. ती आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची, अकरा वर्षांची. रानड्यांनी आढेवेढे घेतले आणि शेवटी मान तुकवली. त्याबद्दल त्यांना आयुष्यभर बोल खावे लागले. पुढं त्याच मुलीला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, त्या रमाबाई रानडे झाल्या, आणि १९०१ मध्ये स्वतः विधवा झाल्यावर त्यांनी पुण्याच्या सेवासदनात शेकडो बायकांना उभं केलं. ते सगळं खरं. पण १८७३ च्या त्या दिवसांत, घरात मरण ताजं असताना, इतका मोठा विद्वान जुन्या वाटेनंच गेला. इतिहासात हे ‘वडिलांच्या आग्रहाखातर’ असं शिकवतात, मीही तसंच शिकवत आले. आता वाटतं, आग्रहाला जोर कुठून येतो? सुतकाच्या घरात वडिलांचा शब्द एरवीपेक्षा जड होतो. ‘मी आता किती दिवसांचा’ असं न बोलताही ते बोललेलं असतं.

यावर अमेरिकेत बरंच काम झालंय. अर्नेस्ट बेकर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ होता. आपण मरणार आहोत हे माणसाला कळतं, ते कळणं सोसवत नाही, म्हणून तो आपल्या समाजाच्या रीतींचा, श्रद्धांचा, मानमरातबाचा आडोसा करून राहतो, असं त्याचं म्हणणं. १९७३ मध्ये त्यानं ते मांडलं आणि पुढच्याच वर्षी, पन्नाशीही गाठण्याआधी, कर्करोगानं गेला. नंतर ग्रीनबर्ग, सॉलोमन आणि पिझिन्स्की या तिघा मानसशास्त्रज्ञांनी त्या विचाराची प्रयोगानं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या गटाचा १९८९ मध्ये छापून आलेला एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातले २२ न्यायाधीश घेतले. निम्म्यांना आधी स्वतःच्या मरणाबद्दल दोन ओळी लिहायला सांगितल्या. मग सगळ्यांपुढं एकच कागद ठेवला: वेश्याव्यवसायाचा आरोप असलेली एक बाई, तिचा जामीन किती ठरवाल? ज्यांनी मरणाबद्दल लिहिलं नव्हतं त्यांची सरासरी ५० डॉलर. ज्यांनी लिहिलं होतं त्यांची ४५५. कायद्याचं पुस्तक तेच, गुन्हा तोच. मरणाची आठवण झालेला न्यायाधीश रीत मोडणाऱ्यावर नऊपट कडक झाला. आणि परीक्षेला कागदावर बाईच होती, हेही जाता जाता पाहून ठेवावं.

आता शिक्षिका आहे म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. या धाटणीच्या सगळ्याच प्रयोगांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. त्याच गटाचा १९९४ चा एक गाजलेला प्रयोग अलीकडं अनेक विद्यापीठांनी मिळून पुन्हा करून पाहिला, तेव्हा पहिल्यासारखा परिणाम आलाच नाही. त्यामुळं ‘शास्त्रानं सिद्ध झालंय’ असं म्हणून मी तुम्हाला गप्प बसवणार नाही. मला पटतं ते आपलं अंगण पाहिलंय म्हणून.

पण २००८ चा एक अभ्यास मला फार उपयोगाचा वाटला, आणि या पत्राचं खरं कारण तोच आहे. काही माणसं स्मशानभूमीजवळून चालली होती, काही तिथून थोड्या अंतरावरून. वाटेत एकाच्या हातातलं सामान पडतं. उचलून द्यायला कोण थांबतं ते बघायचं. काहींच्या कानावर आधी मुद्दाम घातलं होतं की दुसऱ्याला मदत करणं किती चांगलं. हे ऐकलेली स्मशानाजवळची माणसं जास्त थांबली. म्हणजे मरण जवळ असलं की माणूस जुनाटच होतो असं काही नाही. त्या घडीला जी रीत त्याच्या कानावर पडलेली असते, डोळ्यांपुढं असते, ती तो घट्ट धरतो. बुडणारा माणूस ओंडका जुना की नवा ते बघत नाही, हाताला लागेल तो धरतो.

आमच्या अंगणात हाताला काय होतं? दगड, काकी आणि काकींच्या सासूपासून चालत आलेली रीत. ठराव पंचायतीच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडं, आणि ग्रामसेवक त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला.

आपल्याकडं स्मशानवैराग्य हा शब्द आहे. सरणाची ऊब लागली की ‘काय घेऊन जायचंय वर’ असं प्रत्येकाला वाटतं आणि घरी येऊन आंघोळ केली की बांधाचं भांडण पुन्हा सुरू होतं. पण त्याचं जुळं भावंड आहे, त्याला आपण नाव दिलेलं नाही. मी त्याला स्मशानसोवळं म्हणते. ज्या माणसानं वर्षभर देवाला हात जोडले नाहीत, तो मातीच्या दिवशी दर्भ कुठल्या बोटात ते तीनदा विचारतो. वैराग्य आंघोळीसरशी वाहून जातं. हे सोवळं जात नाही, ते कुणाच्या तरी कपाळावर, मनगटावर कायमचं उरतं.

काकींशी मी बोलले ते फेब्रुवारीत, शेंगा फोडायला बसलो होतो तेव्हा. विचारलं, “ठरावाला तुम्ही होता, मग का?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी तशीच राहू दिली असती. पण उद्या त्या पोराला काही झालं असतं, तर बोट कुणाकडं गेलं असतं?” जावेचा मुलगा तेव्हा दहावीत होता. काकींच्या मनात तो होता. त्यांना गेलेल्या मरणापेक्षा येणाऱ्या मरणाची भीती होती. पंचकात कुणी गेलं तर पाठोपाठ पाच जातात म्हणून पिठाचे पुतळे करतो ना आपण, तीच भीती. रीत मोडली तर यम परत येईल, आणि या वेळी लहानाला नेईल. अशा माणसाला ‘अंधश्रद्धा सोडा’ म्हणून काय उपयोग? तिच्या हिशेबानं ती मूल वाचवत होती.

मग थोडं थांबून दुसरं बोलल्या, ते जास्त खोल होतं. “माझ्या फोडल्या तेव्हा मी २४ ची होते. हिच्या राहिल्या तर माझ्या कशासाठी फोडल्या?” तुम्ही पाहिलंच असेल, हे काम करायला नेहमी विधवाच पुढं होतात. बाकीच्या मागं सरकतात. आपण म्हणतो, बाईच बाईची वैरीण. मला त्या वाक्याचा आता राग येतो. चाळीस-पन्नास वर्षं जे सोसलं ते निष्कारण होतं, असं स्वतःच्या म्हातारपणी मान्य करायचं, तेही दारात मयत असताना. ते आपल्यापैकी कुणाला जमेल?

पुरुषांची भीती वेगळी. ती एका वाक्यात मावते: “मेल्यावर खांदा द्यायला चार माणसं येतील का?” आपल्याकडं हे वाक्य धमकीसारखं वापरतात. भावकीशी वाकडं घेणाऱ्याला, लेकीचं आंतरजातीय लग्न लावणाऱ्याला, वेगळ्या पॅनेलला मत देणाऱ्याला हेच ऐकवतात. जिवंत माणसाला त्याच्या तिरडीची भीती घालून रांगेत उभं करायचं. वाळीत टाकण्याचं मर्म हेच होतं आणि कोकणात, विशेषतः रायगडात, त्याच्या तक्रारी अगदी परवापरवापर्यंत येत होत्या. म्हणून तर २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि अंत्यविधी करू न देणं हा त्यात बहिष्काराचाच प्रकार धरलाय. तात्यांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, “बाई, कायदा खांदा देईल का?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कोरोनाच्या वेळी मात्र आपण सगळे एक गोष्ट बघितली आणि विसरलो. वीस माणसांची मर्यादा होती. कित्येकांना चार खांदेही मिळाले नाहीत, कापडात गुंडाळलेलं माणूस पालिकेच्या लोकांनी नेलं. रक्षाविसर्जन नाही, गोड जेवण नाही, टोपी-टॉवेलचा आहेर नाही. कुणाचा यम परत आला नाही त्यामुळं. पुरुषांच्या बाजूचं जवळजवळ सगळं त्या दोन वर्षांत सुटलं. आणि बायकांच्या बाजूचं? घराच्या आत, दार लावून, बांगड्या त्याही वर्षी फुटतच होत्या. त्याला ना परवानगी लागत होती, ना माणसं.

तरी गंमत बघा, हेरवाडपर्यंत पोचलेली वाट सुटली तीही तिथूनच. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे त्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला गेले होते. त्याच्या बायकोचं जे केलं ते त्यांनी पाहिलं आणि घरी येऊन स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की माझ्यामागं माझ्या पत्नीवर यातलं काहीही लादू नये. तेच मरण, तसंच अंगण. एकाच्या हातून दगड उचलला गेला, दुसऱ्यानं पेन उचललं.

आता कावळ्याचं. दिरांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुम्हाला माहीतच आहे मग काय होतं. एकेक जण पुढं येतो आणि गेलेल्याला शब्द देतो: “लेकीचं लग्न थाटात करतो,” “कर्ज फेडतो,” “धाकट्याला सांभाळतो.” चारचौघांत, पाण्याच्या काठाला, हात जोडून दिलेला शब्द. गावात याच्याइतका घट्ट करार दुसरा नाही, सातबारा बदलतो पण हा शब्द फिरत नाही. त्या दिवशी दहावीतला पोर पुढं आला आणि कुणी न शिकवता म्हणाला, “आईला पुन्हा बांगड्या भरतो.” घाटावर चिडीचूप. इथं कावळा झडप घालून आला असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण आला नाही. दुपारी एकपर्यंत ताटकळलो, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. पण पोराचा शब्द वीस-पंचवीस जणांनी ऐकला होता. संक्रांतीला जावेनं बांगड्या भरल्या तेव्हा भावकीतून एक शब्द निघाला नाही. काकी म्हणाल्या, “पोरानं घाटावर शब्द दिलाय.” माझ्या ठरावाला जे जमलं नाही ते दहावीतल्या पोराच्या एका वाक्याला जमलं, कारण ते वाक्य योग्य जागी उभं होतं.

म्हणून ग्रामसभेपुढं माझं मागणं असं. नवा ठराव नको, आहे तो पुरे. त्याची एक प्रत, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून, तिरडीचं सामान जिथून आणतो त्या दुकानात ठेवावी. मडकं, कापड, गुलाल, बांबू यांच्याबरोबर ती घरी यावी. तिरडी बांधून झाली की उचलायच्या आधी, सगळे उभे असताना, ती मोठ्यानं वाचावी. वाचणारा पोलीस पाटील किंवा सरपंच नको, सरकारी होईल. भावकीतलाच थोरला माणूस हवा. तात्यांनी वाचावी, असं माझं सुचवणं आहे. आवाज आहे त्यांना.

दुसरं, दहाव्याला घाटावर शब्द देताना घरच्यांपैकी एकानं हाही शब्द द्यावा. कीर्तनकार महाराजांनाही कळवावं. उत्तरकार्याच्या कीर्तनात वैराग्यावर तासभर बोलतात, त्यातली पाच मिनिटं यासाठी काढायला हरकत नसावी.

तिसरं जरा नाजूक आहे. ज्या थोरल्या बायकांनी स्वतः हे सोसलंय, त्यांना ठराव कुणी विचारून केला नव्हता. मीही नाही. हात वर करायला बोलावलं, बोलायला नाही बोलावलं. २ ऑक्टोबरला त्यांची वेगळी बैठक घ्यावी आणि त्यांच्याच तोंडून ऐकावं, त्या दिवशी त्यांना काय झालं होतं. काकी बोलायला तयार आहेत. आणि ज्यांना वाटत असेल त्यांनी त्याच बैठकीत कुंकू लावावं, नको असेल त्यांनी लावू नये. सक्ती इकडची नको तशी तिकडचीही नको. जावेनं जोडवी घातली नाहीत, तिला बोचतात म्हणे, ते तिचं ती बघेल.

आणि पुरुषांनी लिहून द्यावं, धडधाकट असताना. मरण दारात आल्यावर कुणाच्याही हातून नवीन अक्षर उमटत नाही, हे मी माझ्या हातावरून सांगते.

आमच्या घरचं सांगते. हे ७१ वर्षांचे आहेत. कागद पुढं ठेवला तर म्हणाले, “मला घालवायची घाई झालीय का?” चार दिवस सही केली नाही. पाचव्या दिवशी रानातून आले, हातपाय धुतले, चष्मा मागितला, आणि सही करून म्हणाले, “खाली लिही, गोड जेवणाचा खर्चपण नको. पण चहा द्या लोकांना, उन्हातनं येतील.” ते वाक्यही कागदावर घेतलंय.

कागद सोमवारी पंचायतीत जमा करायला आणते आहे. आवक नंबर टाकून पोच द्यावी, ही विनंती.

आपल्या गावातलीच,
एक निवृत्त शिक्षिका